लॉक फाइल पुरत नाही

स्टॅटिक साइटसाठी कंटेनर म्हणजे निव्वळ थाटमाट, हे मत परवा पुन्हा ऐकवलं गेलं. युक्तिवाद असा: शेवटी हाती येणार एचटीएमएल, साइट बनवणारं ह्यूगो तर एकच फाइल, त्याऐवजी जेकिल असेल तर लॉक फाइल आहेच, मग डॉकरचा पसारा कशाला?

आधी लॉक फाइलचं बघू, कारण सगळा भरवसा तिच्यावरच आहे. ती जेमच्या आवृत्त्या पक्क्या करते. जेकिल ज्या रूबीवर चालतं, ती काही बसवून देत नाही. डिसेंबर 2020मध्ये रूबी 3.0 आली आणि वेब्रिक हा छोटा सर्व्हर तिच्यासोबत येणं बंद झालं. साइटमधला एक स्वल्पविरामही न बदलता, रूबी अपडेट करणाऱ्यांचं ‘जेकिल सर्व्ह’ वेब्रिक सापडत नाही म्हणून बंद पडलं. लॉक फाइल मात्र अक्षर न् अक्षर शाबूत! पुढच्याच वर्षी नोड 17 ओपनएसएसएल 3 घेऊन आलं. वेबपॅक 4 हॅश काढायला एमडी4 वापरत होतं, ते चालेना आणि त्यावर बेतलेल्या साइटींची बांधणी अडली. तिथेही लॉक फाइल होतीच. सी कोड असलेल्या जेमना कंपायलर आणि सिस्टिमच्या लायब्ररी लागतात, त्यांची तर या फाइलीत नोंदही नसते.

कंटेनर नको म्हणणारी हीच विचारसरणी एके काळी लॉक फाइल रिपॉझिटरीत ठेवायलाही नको म्हणायची. तेव्हाही उत्तर एकच: ‘माझ्याकडे तर चालतंय!’ तुमच्याकडे चालेलच हो. नव्या सहकाऱ्याचा पहिला दिवस रूबी बसवण्यात जातो, त्याची भरपाई कोण करणार?

राहिले बाकीचे आक्षेप. ह्यूगो एकच फाइल, पण जुनी थीम नव्या ह्यूगोत अडतेच. कंटेनरची इमेज जड? रोज उतरवावी लागत नाही. तयार फाइली रूटच्या मालकीच्या होतात? कंटेनर चालवताना आपला यूजर आयडी द्या.

करायचं एवढंच: डॉकरफाइलमध्ये रूबीची इमेज ‘लेटेस्ट’ न लिहिता डायजेस्टसकट लिहा, जेम इमेजमध्येच बसवा, साइटचं फोल्डर माउंट करून बांधणी करा आणि तयार एचटीएमएल सर्व्हरवर चढवा. सर्व्हरवर कंटेनरची गरजच नाही. तयार झालेली इमेजही रजिस्ट्रीत जपून ठेवा. डॉकरफाइलवरून ती पुन्हा तशीच्या तशी बनेल याची खात्री नसते.

साइट लिहिणारा निघून जातो, साइट राहते. पाच वर्षांनी एखाद्याला तिच्यातला चुकलेला फोन नंबर बदलायचा असेल, तर त्याला तो त्याच दुपारी बदलता आला पाहिजे.