मागच्या ड्रममधली काळी पूड

रविवारची सकाळ. घराच्या दारात जुनी मारुती व्हॅन उभी आहे, मागचे चाक उतरवलेले आहे आणि ब्रेकचा ड्रम निघत नाही म्हणून त्यावर हातोडी पडते आहे. शेवटी ड्रम सुटतो आणि आतून मूठभर काळी-करडी पूड जमिनीवर सांडते. कुणीतरी फुंकर मारतो. पंप असेल तर हवा मारतो. उरलेली पूड फडक्याने झटकली जाते, पोरे शेजारीच उभी राहून पाहत असतात. कोल्हापुरात हे दृश्य नवे नाही. यंत्राला हात घालायला हे शहर कधी कचरले नाही. उद्यमनगरच्या गल्ल्यांत लेथवर वाढलेल्या पिढ्या घरची गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायला सहसा राजी नसतात. मागचे ब्रेक लायनर घरी बदलणे हे त्यांच्या लेखी फार तर अर्ध्या दिवसाचे काम. ते जमतेही. पण या कामात दोन धोके असतात आणि लोकांना त्यातला एकच ठाऊक असतो.

ठाऊक असलेला धोका म्हणजे ब्रेक नीट न लागणे. कोल्हापूरकराला त्याचे गांभीर्य सांगावे लागत नाही. पश्चिमेला कुठेही निघा, आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली यांसारखा एखादा घाट उतरावाच लागतो. घाट नको म्हटले तरी पन्हाळा आहेच. पन्हाळा शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. माणसांसह १२०० किलो भरलेली व्हॅन तिथून खाली येते तेव्हा जवळपास ४७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. १४ लिटर गार पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. काही वाटा हवेचा आणि टायरचा अडथळा उचलतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर बराचसा इंजिन उचलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवू पाहणाऱ्याच्या बाबतीत मात्र उरलेली सगळी ऊर्जा चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते.

ड्रम ब्रेकची गोची इथेच आहे. ओतीव लोखंडाचा हा डबा बंद असतो. आत अर्धगोलाकार दोन शू, त्यांवर चिकटवलेले किंवा रिव्हेट मारलेले लायनर. पेडल दाबले की व्हील सिलिंडरमधले पिस्टन शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासतात. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेने एक शू आपोआप आणखी आत खेचला जातो, त्यामुळे कमी जोरात जास्त पकड मिळते. ही रचना हुशारीची, म्हणूनच शंभर वर्षांहून अधिक टिकली. पण बंद डब्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून दूर सरकतो. लायनरही तापून पकड सोडू लागतो. पेडल खाली खाली जाऊ लागते. घाटात ‘ब्रेक फेल’ म्हणून ज्याची बातमी होते, त्यात काहीही तुटलेले नसून सगळे नुसते तापलेले असण्याची शक्यता बरीच असते.

त्यात कोल्हापूरचा पावसाळा. हँडब्रेक ओढून चार-सहा दिवस गाडी उभी राहिली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतो आणि सुटताना कधी त्याचा तुकडाच निघतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय थेट जमिनीला टेकतो. नवे लायनर घालून ऑइल मात्र पाच वर्षांपूर्वीचेच ठेवणारे पुष्कळ आहेत.

दुसरा धोका त्या काळ्या पुडीचा. त्याची गोष्ट जरा जुनी आहे. १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर भागात हर्बर्ट फ्रूड याने ब्रेकला घासण्याचे साहित्य बनवायला सुरुवात केली. डोंगराळ रस्त्यावरचे गाडीवान उतारावर ब्रेकसाठी जुने बूट वापरतात हे पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगितले जाते. आपल्याकडच्या घाटातल्या गाडीवानांनाही अशा युक्त्या शिकवाव्या लागल्या नसत्या. पुढे मोटारी आल्या, वेग वाढला आणि कातडे, कापूस जळू लागले. तेव्हा उष्णतेला दाद न देणारा एक खनिज धागा हाताशी आला : ॲस्बेस्टॉस. स्वस्त, चिवट, न जळणारा. विसाव्या शतकाचा बराचसा काळ जगभरातली वाहने याच धाग्याच्या भरवशावर थांबत होती.

याचे धागे इतके बारीक असतात की श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुस आतून जखमांच्या वणांनी कडक होते, तो ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग होतो. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोगही होतो, जो एरवी फार दुर्मीळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. खोकला किंवा दम लागणे दिसायला मात्र वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात. विशीत ज्याने ड्रम फुंकले, तो पन्नाशीत डॉक्टरकडे जातो, आणि दोन्हींचा संबंध ना त्याच्या लक्षात येतो ना डॉक्टरच्या.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईतल्या ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका कारखान्यातील जुन्या कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला ॲस्बेस्टॉसिस आढळला. त्याआधी दहा वर्षे, जानेवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे ठेवायला सांगितले होते आणि बाधितांना एक लाख रुपये भरपाईचा आदेश दिला होता. पण हा निकाल कारखान्यांसाठी होता. दोन माणसांच्या गॅरेजला नोंदवही कुठली? दहापेक्षा कमी माणसे म्हणजे तो कारखानाच नव्हे, मग कारखाना निरीक्षक नाही आणि कामगार विम्याचे दवाखानेही नाहीत. जिथे ड्रम सर्वांत जास्त उघडले जातात, तिथेच कायदा सर्वांत पातळ आहे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रेक लावताना होणाऱ्या उष्णतेने लायनरमधल्या बहुतांश ॲस्बेस्टॉसचे रूप बदलते आणि घासून पडलेल्या पुडीत धाग्याच्या रूपात थोडाच अंश उरतो. गॅरेज कामगारांवर परदेशांत झालेल्या अनेक अभ्यासांत मेसोथेलिओमाचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले आढळले नाही आणि यावर तज्ज्ञांत वाद आहे. त्यामुळे एकदा ड्रम उघडला म्हणून कुणी घाबरून छातीचा एक्स-रे काढायला धावू नये. पण रोज चार गाड्या उघडणाऱ्या पोराचा हिशेब वेगळा. शिवाय ज्याला उष्णता लागलेलीच नाही तो नवा लायनर पॉलिश पेपरने घासताना, ग्राइंडरवर कडा मारताना किंवा रिव्हेटसाठी भोके पाडताना जी धूळ उडते, तिला हा दिलासा लागू नाही. ॲस्बेस्टॉसची सुरक्षित म्हणावी अशी किमान पातळी कुणी दाखवून दिलेली नाही.

आता नव्या गाड्यांत ॲस्बेस्टॉस कुठे असतो, असा प्रश्न येईल. युरोपीय संघाने २००५ पासून, अमेरिकेने २०२४ मध्ये त्यावर बंदीचे पाऊल उचलले. भारताने खाणी थांबवल्या, पण आयात आणि वापर यांवर सरसकट बंदी घातलेली नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या बिनॲस्बेस्टॉस लायनरकडे वळल्या आहेत हे खरे. प्रश्न जुन्या गाडीचा आहे. मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली आणि ओम्नी या नावाने २०१९ पर्यंत तयार होत राहिली. तिच्या वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्यात किती वेळा लायनर बदलले आणि कुठल्या दुकानातले बसवले, हे आजच्या मालकाला माहीत नसते. लायनर पाहून, वास घेऊन किंवा रंगावरून त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे सांगता येत नाही. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून जुना ड्रम उघडताना तो आहे असेच धरून चालावे. बिनॲस्बेस्टॉस पुडीतही लोखंड, तांबे, अँटिमनी यांचे बारीक कण असतात. तीही काही विभूती नव्हे. युरोपच्या युरो ७ नियमांत तर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे. डिस्क ब्रेकची धूळ रस्त्यावर उडून जाते, ड्रमची मात्र बरीचशी आतच साठते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर एकदम येते.

उपाय साधा आहे, फारसा खर्चाचाही नाही. ड्रमवर आणि उघडल्यानंतर आतल्या भागावर साबणाचे पाणी हलकेच फवारायचे. जोरात धार मारायची नाही. सगळे ओले झाले की फडक्याने टिपायचे, खाली जुन्या वर्तमानपत्राऐवजी ट्रे ठेवायचा, आणि ते फडके ओलेच पिशवीत बांधून टाकायचे. फुंकर नाही, हवा नाही, कोरडा ब्रश नाही. घरचा व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नाही, तो बारीक धागे मागच्या बाजूने खोलीभर पसरवतो. तोंडाला रुमाल बांधण्याचा उपयोग जवळजवळ शून्य. नीट बसणारा एन-९५ मास्क काही आधार देतो, तोही ओल्या पद्धतीच्या जोडीला. पोरांना आत पाठवायचे. आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. १९६५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेसोथेलिओमाचे असे रुग्ण सापडले, ज्यांनी स्वतः ॲस्बेस्टॉसला कधी हात लावला नव्हता. घरातला माणूस त्या कामावर होता, आणि त्याचे धुळीचे कपडे धुणाऱ्या बायका त्यांत होत्या.

कामाच्या यांत्रिक बाजूत एक सापळा असा आहे की जाणतेही त्यात सापडतात. ओम्नीसारख्या व्हॅनचे इंजिन मागची चाके फिरवते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. ड्रम काढायला हँडब्रेक सोडावा लागतो, आणि मागचे एक चाक जरी उचलले तरी गिअर टाकून काही अडत नाही, कारण उचललेले चाक मोकळे फिरते आणि गाडी पुढे-मागे जाऊ शकते. अशा वेळी गाडीला धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेले ठोकळे. वीट चालत नाही, ती फुटते. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी स्टँड. अंगण उताराचे असेल तर काम रस्त्यापलीकडच्या सपाट जागेत न्यावे, मग शेजारी काहीही म्हणोत.

बाकीचे काम सवयीचे आहे. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे हे पाहायला दुसरी बाजू शाबूत राहते. मोबाइलवर फोटो काढावा. स्प्रिंग ताणलेल्या असतात, डोळ्यांवर चष्मा हवा. ड्रम बाहेर असताना कुणी पेडल दाबले तर पिस्टन बाहेर पडतात. व्हील सिलिंडर पाझरत असेल, लायनर ऑइलने भिजला असेल, तर तो पेट्रोलने धुऊन परत बसवायचा नाही, आणि पाझरणे थांबवल्याशिवाय नवाही बसवायचा नाही. लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, नाही तर ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढते. ड्रमला चर पडले असतील तर लेथवर घ्यावा, पण ड्रमवर लिहिलेल्या कमाल व्यासाच्या आत राहूनच. ओतीव लोखंडाचे काम करणाऱ्या या शहरात तेवढे माप घेणारा हात सहज मिळतो. नळी उघडली असेल तर एअर काढणे आलेच, आणि ज्याला त्याची खात्री नाही त्याने तिथे थांबून मिस्त्रीला बोलवावे. यात कमीपणा काही नाही. नवे लायनर बसले की गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून पाहावे, कारण पहिला दाब हमखास पोकळ जातो. नंतरचे काही दिवस सपाटीवर हलक्या पायाने चालवावी. पहिल्याच संध्याकाळी पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला जायची घाई नको.

कळंबा रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयपासून तालुक्याच्या गावापर्यंत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जातो. ओल्या फडक्याची सवय लागायची तर तिथेच लागेल, गॅरेजमध्ये गेल्यावर उस्ताद हवा मारताना दिसला की पोरगाही हवाच मारणार. सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात दम लागतो म्हणून येणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला ‘विडी ओढता का’ हा प्रश्न विचारला जातो. त्याला जोडून ‘गॅरेजमध्ये कधी काम केले का’ असे विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. आणि काढून टाकलेले शू भंगारात जातात. भंगारवाल्याला लोखंड हवे असते, लायनर नको. मग तो हातोडीने ठोकून ठोकून, कोरडाच, वेगळा केला जातो. बहुधा दुकानाच्या दारात बसलेल्या एखाद्या पोराकडून. जुने शू ओले करून जाड पिशवीत बांधून द्यावेत आणि ‘हे ठोकू नका’ एवढे त्याला तोंडी सांगावे.