वैराग्य तुमचं, तिकीट आमचं

नर्मदा परिक्रमेला गेलेल्या नवऱ्याबद्दल वाकडा शब्द काढणं हे आपल्याकडे पाप समजलं जातं. माणूस दाढी वाढवतो, पांढरे कपडे चढवतो, हातात दंड आणि कमंडलू घेतो, आणि त्या घटकेपासून घरी राहिलेली बायको संसारात रुतलेली, कोत्या मनाची ठरते. ठरू दे. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ आमच्याही घरात आहे, आणि नवऱ्याच्या आधी ते मी वाचलेलं आहे. माझं भांडण परिक्रमेशी नाही, नर्मदेशी तर नाहीच नाही. माझं भांडण आहे ते परिक्रमावासींच्या एका लाडक्या वाक्याशी: ‘‘कधी आणि कुठे भेटायचं ते मैय्या ठरवेल.’’

मैय्या ठरवत नाही. बायको ठरवते. रात्री जेवणं उरकल्यावर नकाशा उघडून, गाड्यांची वेळापत्रकं लावून, रजेचा अर्ज खरडून आणि सासूबाईंजवळ दोन दिवस कोण राहील याची चार घरी मनधरणी करून ठरवते. वैराग्याचं श्रेय मात्र चालणाऱ्याच्या खात्यावर जमा होतं.

जरा हिशेब मांडू. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले तर अडीच हजारांच्या वर, आणि वाटा वळणाच्या असल्यामुळे प्रत्यक्ष चाल त्याहून जास्त. बरा चालणारा दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जातो. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुलं होतं. म्हणजे ज्या सकाळी मी जबलपूरचं तिकीट काढायला बसते, त्या सकाळी हे गृहस्थ जबलपूरपासून बाराशे-पंधराशे किलोमीटर मागे कुठल्यातरी धर्मशाळेत चहाची वाट बघत असतात. मी फोनवर विचारते, ‘‘अहो, साधारण कोणत्या आठवड्यात पोचाल?’’ पलीकडून उत्तर येतं, ‘‘अगं, असं सांगता येत नाही. इथे काळ-वेळ उरतच नाही.’’ छान. पण हाच माणूस रोज संध्याकाळी साठ जणांच्या व्हॉट्सॲप गटावर आज किती किलोमीटर झाले, किती पावलं पडली आणि सूर्यास्त किती वाजता झाला, ते फोटोसकट टाकतो. काळ-वेळ फक्त बायकोने विचारली की उरत नाही.

लोक म्हणतात, पायी यात्रेत हे असंच चालायचं. खोटं आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा कार्यक्रम आधी छापून येतो. लोणंदला कधी, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण कधी, फलटणला मुक्काम कधी, वाखरीला कधी, सगळं घरबसल्या कळतं. लेकी-सुना, नातवंडं एसटीने येतात, वारकऱ्याला भेटतात, एखादा टप्पा त्याच्यासोबत चालतात आणि परततात. एवढी लाखांची वारी वेळेवर चालते, आणि तेवढ्याने कोणाची भक्ती उणी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. परिक्रमेला असा ठरलेला कार्यक्रम नसतो, हे मान्य. पण कार्यक्रम नसणं वेगळं आणि विचारच नसणं वेगळं.

आता तटाबद्दल, कारण भेटीच्या बहुतेक फजित्या इथेच होतात. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. ओंकारेश्वरहून उचललेली परिक्रमा दक्षिण तटाने पश्चिमेला समुद्रापर्यंत जाते, विमलेश्वरहून नावेने मीठीतलाईला उतरते, मग उत्तर तटाने उलट अमरकंटकपर्यंत चढते आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वरला येते. हे प्रत्येक परिक्रमावासीला झोपेतही सांगता येतं. तरी भेटीची गोष्ट निघाली की तो नुसतं गावाचं नाव फेकतो. निघून फार दिवस झाले नव्हते तोच आमच्याकडे गुडघ्याच्या पट्ट्यासाठी हाक आली. (वैराग्य गुडघ्यापर्यंत टिकलं, असं मी तेव्हा म्हटलं होतं. ते फारसं आवडलं नाही.) ‘‘महेश्वरला भेटू,’’ असं ठरलं. मी महेश्वरला पोचले, खोली घेतली, फोन केला. हे समोरच्या काठावर, नावडाटोलीला. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी जिथे उत्खनन केलं तेच नावडाटोली. एरवी मी आनंदाने पाहिलं असतं. ‘‘मी कसा येणार? मला नदी ओलांडता येत नाही. तूच ये.’’ मग अहिल्याबाईंचा घाट, त्यावरचा किल्ला, सगळं पाठीशी टाकून मी नावेतून ये-जा करत राहिले, सकाळी पट्टा घेऊन, दुपारी औषध घेऊन. नदी ओलांडायची नाही हा नियम त्यांचा. ओलांडली मी.

म्हणून घरी राहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तारीख नंतर विचारा, आधी तट विचारा. दक्षिण तटाने समुद्राकडे जात असेल तर उतरायचं अंकलेश्वरला. उत्तर तटाने परत फिरला असेल तर भरूचला. दोन्ही स्टेशनं एकाच गाडीच्या वाटेवर, मध्ये फक्त नर्मदेचा पूल, पण त्या पुलाची किंमत चुकीच्या काठावर उतरल्याशिवाय कळत नाही. जबलपूरचा ग्वारीघाट उत्तर तटाला, तेव्हा अमरकंटकला चढतानाच तो सोयीचा. परतीच्या वाटेवर नर्मदापुरम, म्हणजे आपलं जुनं होशंगाबाद, दक्षिण तटावर आहे. समोरची बुधनी उत्तरेला. नेमावर उत्तरेला, हंडिया दक्षिणेला. अमरकंटकला गाठायचं तर पेंड्रा रोडला उतरून पुढे रस्त्याने, आणि थंडीत असाल तर अंगावर सगळं घालून. शूलपाणीच्या झाडीत भेट ठरवूच नका. सरदार सरोवराच्या पाण्याने काठच्या जुन्या वाटा गिळल्या आहेत आणि रेंजचा भरवसा नाही. विमलेश्वरलाही नको. तिथली नाव भरतीच्या तालावर सुटते, आणि तुम्ही पोचेपर्यंत नवरा समुद्रात असण्याची शक्यता दांडगी.

एवढं सगळं बघितलं तरी मूळ प्रश्न उरतोच: दोघांपैकी थांबायचं कोणी? माझं उत्तर एका ओळीचं आहे. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने थांबायचं. चालणाऱ्याला ना बिलं भरायची आहेत, ना कोणाला दवाखान्यात न्यायचं आहे. दोन दिवस आधी पोचला तर त्याने घाटावर आसन लावावं, जप करावा, कपडे धुवावेत. दोन दिवस उशीर होणार असेल तर आधीच्या आठवड्यात रोज दोन किलोमीटर जास्त चालावं. मी माझ्या दोन दिवसांच्या रजेत घाटावर बसून वाट बघू शकत नाही. पण हे सुचवलं की ऐकू येतं, ‘‘लय तुटते.’’ शास्त्रात परिक्रमेचा काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस सांगितला आहे. चातुर्मासात चार महिने एका गावी मुक्काम करायचा, हा त्यातलाच नियम. चार महिने बसून ज्या परंपरेची लय तुटली नाही, ती बायकोसाठी दोन दिवस बसल्याने तुटते? तुटते ती लय नव्हे, शर्यत. आमच्यापेक्षा अमक्यांनी कमी दिवसांत केली, ही चुरस हल्ली घाटाघाटावर ऐकू येते. त्या चुरशीचा हप्ता आम्ही का भरायचा?

बरं, भेटीला येणाऱ्या घरच्यांचंही काही कौतुक करण्यासारखं नाही. एकटी बायको आली तर एक वेळ ठीक. इथे मोठी गाडी भाड्याने करून मेहुणे, साडू, त्यांची मुलं असा लवाजमा येतो. सोबत तीन किलो चिवडा, लाडू, नवीन स्वेटर, बाम, पॉवर बँक. पाठीवरच्या पिशवीतला प्रत्येक शंभर ग्रॅम मोजून चालणाऱ्याने हे सगळं न्यायचं कुठे? मग लाडू तिथल्या मुलांना वाटले जातात आणि स्वेटर गाडीतून परत पुण्याला येतो. आश्रमात शिरल्यावर महाराज सवयीने विचारतात, ‘‘कितनी मूर्ति?’’ चालणारी मूर्ती एक. बाकीच्या नऊ गाडीतून उतरलेल्या. त्या नऊही पंगतीला बसतात. काठावरची गरीब माणसं शिधा काढून ठेवतात तो पायी चालणाऱ्यासाठी, आपल्या वातानुकूलित सहलीसाठी नव्हे. भेटायला जाणाऱ्याने आपलं जेवण आपण बघावं, आश्रमात राहिलंच तर निघताना पाकीट दानपेटीत रिकामं करावं, आणि साबण घेऊन नदीत उतरू नये. एवढं तरी.

आणि भेट झाली म्हणजे नेमकं काय होतं? ते मैय्याबद्दल बोलतात, मी बँकेबद्दल. परिक्रमा कार्तिकी एकादशीनंतर उठते, आणि पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. नवरा काठावर हयात आहे हे अवघ्या व्हॉट्सॲपला ठाऊक, पण कोषागाराला नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, हे त्यांना घाटावर बसून मी समजावलं. तेवढ्यात एक गावकरी येऊन त्यांच्या पाया पडला आणि त्यांनी हात वर करून त्याला आशीर्वाद दिला. मी शेजारी आधार कार्ड धरून उभी. संध्याकाळी ते मला अभिमानाने सांगत होते की आता सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा, मिळालं की स्वतः टिक्कड भाजतात, भांडी घासतात, कपडे पिळतात. घरी परतल्यावर ही सिद्धी किती दिवस टिकते, याची चौकशी कुठल्याही परिक्रमावासीच्या बायकोकडे करावी.

‘‘मग तुम्हीही सोबत का नाही गेलात?’’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता विचारणाऱ्याचं वय आणि लिंग मी आधीच ओळखते. सोबत जाणारी जोडपी आहेत, मला त्यांचं कौतुक आहे. पण नव्वदीच्या सासूबाईंना घाटावर नेता येत नाही, आणि त्यांच्यासाठी मैय्या आमच्या फ्लॅटवर येऊन राहत नाही. उलट बाजू बघा. परिक्रमेला एकट्या किंवा मैत्रिणींसोबत जाणाऱ्या बायका आता कमी नाहीत. त्यांच्या नवऱ्यांपैकी किती जण औषधाची पुडी घेऊन, योग्य तट विचारून, रात्रीची गाडी पकडून घाटावर पोचतात? माझ्या ओळखीत एकही नाही. तिथे शेजारीपाजारी उलट घरी राहिलेल्या नवऱ्यालाच डबा पोचवतात, आणि बाई निघताना महिनाभराच्या चटण्या करून ठेवते.

दोन प्रकारच्या चालणाऱ्यांपुढे मात्र मी हात जोडते. पहिला प्रकार, निघतानाच स्पष्ट सांगणारा: पूर्ण होईपर्यंत भेट नाही, फोनही मोजकाच, घराची व्यवस्था अशी अशी लावली आहे. ते कठोर आहे, पण स्वच्छ आहे. दुसरा प्रकार जबलपूरच्या अमृतलाल वेगडांचा. चित्रकार माणूस, १९७७ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर चालायला निघाले, आणि सगळं एका दमात करायचा अट्टहास त्यांनी धरला नाही. थोडं चालायचं, घरी यायचं, नोकरी आणि संसार सांभाळायचा, पुढच्या वेळी राहिल्या जागेवरून पुढे जायचं. नंतरच्या चालीत पत्नी कांताबहन त्यांच्यासोबत होत्या. कर्मठ मंडळी याला खंडित म्हणून नाक मुरडतात. मुरडोत. नर्मदेवरची इतकी सुंदर पुस्तकं अखंड चालणाऱ्यांपैकी किती जणांनी लिहिली?

माझा राग आहे तो मधल्यांवर. विरक्तीही हवी आणि गुडघ्याचा पट्टाही हवा. संसार सोडलाही पाहिजे आणि तो दर महिन्याला घाटावर डबा घेऊन आलाही पाहिजे.

तेव्हा येत्या कार्तिकात घरातलं कोणी निघणार असेल तर संकल्पाचं पाणी हातात घेण्याआधी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवा आणि कागदावर लिहून घ्या: भेटायची दोनच ठिकाणं, दोन्ही रेल्वेजवळची, कोणता तट, तिकीट निघालं की ती तारीख तुमची, आणि त्या तारखेला थांबायचं त्याने. खाली सही घ्या. सही करायला मैय्याची परवानगी लागते म्हणाला, तर तिकीट काढू नका.