चिमणीतील ड्रिल आणि कायद्याची फट

बडोदा जिल्ह्यातील फरतीकुई येथे जून 2019मध्ये एका हॉटेलची मलटाकी साफ करताना सात जणांचा बळी गेला. पहिला कामगार आत उतरला तो परतला नाही. त्याला शोधायला गेलेलेही बाहेर आले नाहीत. मृतांपैकी चौघे सफाई कामगार, तिघे हॉटेलचे कर्मचारी. टाकीतला वायू आणि चिमणीतली काजळी यांची जात निराळी. बंदिस्त जागेत माणूस धाडण्यातली बेफिकिरी मात्र एकच.

हॉटेलची चिमणी ड्रिलला तारेचा ब्रश लावून खरवडली की काम झटपट उरकते, हे खरे. पण धूरनळीच्या आत तेलाचा थर साचलेला असतो. त्याला एक ठिणगीही पुरते. घामाने भिजलेला देह पत्र्याला टेकलेला आणि हाती 230 व्होल्टचे यंत्र. वायर कुठे सोललेली असली, तर सुटका कठीण.

हा धोका कायद्याला ठाऊक होता. 1948च्या कारखाने कायद्याच्या कलम 36-अने धूरनळीसारख्या बंदिस्त जागेत, पुरेशी सुरक्षा साधने नसल्यास, 24 व्होल्टांहून अधिक दाबाच्या विद्युत उपकरणांना मनाई केली. मात्र त्याच कायद्याने ‘कारखान्या’च्या व्याख्येतून हॉटेले आणि उपाहारगृहे वगळली. 2020च्या सुरक्षा संहितेतही आस्थापनेसाठी सामान्यतः दहा कामगारांची अट आहे. गल्लीतली खानावळ पुन्हा बाहेरच. पर्यटनावर जगणाऱ्या गोव्याने परवाना नूतनीकरणाच्या वेळी तरी चिमणी कोणी, कोणत्या अवजाराने आणि गॅस बंद करून साफ केली का, याची नोंद मागावी.