यादीकडून बांधणीकडे

परदेशातील मराठी मंडळांचे कार्यक्रम पार पडल्यानंतर जी चर्चा होते, ती बहुधा सुट्या सादरीकरणांची असते. लेझीम छान बसले, एकांकिका रेंगाळली, भाषणे लांबली, जेवणाला उशीर झाला, अशा शेऱ्यांवर ती थांबते आणि पुढची कार्यकारिणी तेवढ्याच मुद्द्यांवर सुधारणा करू पाहते. वास्तविक कंटाळ्याचे मूळ बहुतेक वेळा सादरीकरणांच्या दर्जात नसून त्यांच्या क्रमात असते, आणि हा क्रम ठरवणे हे वेळापत्रकाचे नव्हे, तर नाट्यरचनेचे काम आहे. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांचे आभार, सर्व मुलांना रंगमंचावर संधी, हे जे भाग टाळता येत नाहीत म्हणून उरकले जातात, त्यांनाच कथेत काम देणे ही या रचनेची खरी कसोटी होय.

प्रेक्षकाच्या मनात कोणती अपेक्षा केव्हा जागवावी, ती किती वेळ ताणावी आणि कोणत्या क्षणी पुरी करावी, याच्या विचाराला येथे नाट्यबांधणी म्हटले आहे. जर्मन नाटककार व समीक्षक लेसिंग याने हाम्बुर्गच्या नाट्यगृहासाठी १७६७ पासून लिहिलेल्या लेखांमुळे युरोपात या विचाराला स्वतंत्र शाखेचे रूप येऊ लागले. मात्र त्याचा पाया ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्येच घातला होता. एका घटनेमुळे दुसरी घडणे आणि एकीनंतर केवळ दुसरी घडणे यांत मोठे अंतर आहे, असे सांगून त्याने ज्या कथानकात प्रसंग नुसतेच एकामागून एक येतात, ते सर्वांत निकृष्ट ठरवले. भरताच्या नाट्यशास्त्रातील मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण हे पाच संधी, म्हणजे कथानकाचे सांधे, हीच गोष्ट वेगळ्या अंगाने सांगतात: आरंभी पेरलेले बीज मधल्या टप्प्यांत कधी दिसते, कधी दृष्टीआड होते, आणि अखेरीस फळाला येते. या कसोटीवर मंडळाची नेहमीची कार्यक्रमपत्रिका पाहिली, तर तिच्यात सांधे नसतात, केवळ क्रमांक असतात. पाचवा कार्यक्रम आठव्या जागी नेला तरी कोणालाही काही चुकल्यासारखे वाटत नाही.

मराठी परंपरेला ही बांधणी नवीन नाही. नारदीय कीर्तनात नमनानंतर बुवा निरूपणासाठी एक अभंग घेतात, पूर्वरंगात त्याचा तात्त्विक अर्थ उलगडतात, उत्तररंगात तोच सिद्धांत एखाद्या आख्यानातून दाखवतात आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगाकडे येऊन आरतीकडे वळतात. मधल्या काळात संस्कृत श्लोक, ओवी, साकी, दिंडी, कटाव, विनोद, चिमटे आणि रागदारी असे सर्व काही येऊन जाते, पण श्रोत्याला ते विस्कळीत वाटत नाही, कारण प्रत्येक वळण त्या एका अभंगाला बांधलेले असते. सर्वांत बोलका आहे तो पूर्वरंग व उत्तररंग यांमधला विराम. बुवांना हार घालणे, बुक्का लावणे हा सन्मानाचा विधी नेमका तेथे होतो, जेथे एक विचार पुरा झालेला असतो आणि दुसरा सुरू व्हायचा असतो. त्यामुळे सत्कार हा व्यत्यय न राहता श्रोत्याला श्वास घेण्याची जागा होतो. तमाशातही गणाने देवाला वंदन होते, गवळणीने थट्टामस्करीचे वातावरण तयार होते, बतावणीने हजरजबाबी हास्य येते आणि मग वगाची सलग कथा उभी राहते. गंमत आणि गोष्ट यांचे भांडण तेथे क्रमानेच मिटवलेले असते.

आधुनिक काळात हेच तत्त्व किती मोठ्या प्रमाणावर वापरता येते, हे २७ जुलै २०१२ रोजी लंडनमध्ये झालेल्या ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात दिसले. चित्रपट दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी रचलेल्या या सोहळ्यात हजारो स्वयंसेवकांनी ग्रामीण इंग्लंड, औद्योगिक क्रांती आणि सार्वजनिक आरोग्यसेवा असा देशाचा प्रवास सादर केला. परंतु रचनेचे खरे कौशल्य त्या दृश्यांपेक्षा खेळाडूंच्या संचलनात होते. हे संचलन ऑलिंपिकच्या रिवाजानुसार अटळ असते, ते फार वेळ चालते आणि एकामागून एक देशाचे नाव पुकारले जात असताना प्रेक्षकाचे लक्ष उडणे स्वाभाविक असते. लंडनमध्ये प्रत्येक संघाबरोबर तांब्याची एक पाकळी मैदानात आणली गेली आणि तिचे प्रयोजन त्या वेळी सांगितले गेले नाही. पुढे थॉमस हेदरविक यांनी घडवलेल्या ज्योतपात्रात त्या २०४ पाकळ्या लांब दांड्यांवर वर्तुळाकार बसवलेल्या दिसल्या, सात तरुण खेळाडूंनी त्या पेटवल्या, दांडे हळूहळू वर उचलले गेले आणि सर्व ज्योती मिळून एक ज्योत झाली. यादीतले प्रत्येक नाव अशा रीतीने अखेरच्या घटनेचा आवश्यक घटक ठरले; जो भाग सर्वांत रटाळ होऊ शकला असता, त्यातच शेवटाचे बीज पेरलेले होते.

या विचारावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की मंडळ ही हौशी लोकांची संस्था आहे, तेथे कोणाचे मूल वगळता येत नाही, त्यामुळे कलात्मक एकसंधतेचा आग्रह धरला तर माणसे दुखावतील. लंडनचे उदाहरण याला उत्तर देते, कारण तेथेही कोणाला वगळण्याची मुभा नव्हती. सर्वांना सामावण्याची अट हीच रचनेचे साधन झाली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सध्या प्रत्येक विक्रेता आपल्या मालाची ‘गोष्ट’ सांगत असताना उत्सवालाही कथेचा मुलामा देणे कृत्रिम ठरेल. ही भीती रास्त आहे, पण ती निवेदनातून वरून चिकटवलेल्या कथेला लागू पडते. दोन असंबद्ध नाचांमध्ये निवेदकाने चार अलंकारिक वाक्ये टाकल्याने बांधणी होत नाही. निवेदन काढून टाकले तरी क्रमातून अर्थ कळत असेल, तरच ती झाली असे म्हणता येईल.

शिवाय मंडळाच्या सर्वांत मोठ्या उत्सवात कथा बाहेरून आणावीच लागत नाही. गणेशपूजेतील सोळा उपचार आवाहनाने सुरू होतात, त्यानंतर आसन, पाय धुण्यासाठी पाद्य, पुढे स्नान, वस्त्र, नैवेद्य अशा क्रमाने देवाचे पाहुण्यासारखे आदरातिथ्य होते आणि अखेर उत्तरपूजा करून त्याला निरोप दिला जातो. येणे, राहणे आणि जाणे ही संपूर्ण नाट्यरेषा विधीतच आहे. परदेशात प्रतिष्ठापना आणि विसर्जन पुष्कळदा एकाच शनिवारी, भाड्याच्या सभागृहात उरकावे लागते, तेव्हा ही रेषा तुटते आणि मधला सांस्कृतिक कार्यक्रम पूजेशी संबंध नसलेला उरतो. त्याऐवजी त्या वर्षी गावात नव्याने आलेल्या कुटुंबांचे स्वागत आवाहनाला जोडता येईल, मुलांची सादरीकरणे पाहुण्यापुढे केलेली सेवा म्हणून मांडता येतील, स्वयंसेवकांचा सत्कार नैवेद्यानंतरच्या विरामात ठेवता येईल आणि आभारप्रदर्शन विसर्जनाच्या मिरवणुकीआधी, निरोपाचाच भाग म्हणून घेता येईल. यात एकही कार्यक्रम वाढत नाही की कमी होत नाही. बदलते ते फक्त प्रत्येकाचे प्रयोजन.

यासाठी पैशापेक्षा कामाच्या वाटणीत बदल हवा. कार्यकारिणीत सभागृह, जेवण, ध्वनी आणि तिकिटे यांसाठी स्वतंत्र जबाबदार माणसे असतात, पण संपूर्ण कार्यक्रमाच्या रचनेसाठी सहसा कोणीच नसते. नावे येतील तशी पत्रिका भरत जाते आणि शेवटी ती निवेदकाच्या गळ्यात पडते. नावे मागवण्यापूर्वीच एका व्यक्तीकडे रचना सोपवावी, या दिवसाच्या आरंभी कोणते बीज पेरायचे आणि अखेरीस कोणते फळ दाखवायचे हे पहिल्या बैठकीत ठरवावे, आणि कोणता कार्यक्रम कोठे व किती वेळ हे सांगण्याचा अधिकार त्या व्यक्तीला द्यावा. असा अधिकार देणे कार्यकारिणीला जड जाईल, कारण त्यात ओळखीपाळखीने मिळणाऱ्या जागा जातात. परंतु ती किंमत मोजल्याशिवाय, पडद्यामागे महिनोन्‌महिने तालमी करणाऱ्यांच्या श्रमांना प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारी बांधणी मिळणार नाही.