वाट रुंद झाली, मुक्कामाचे काय?

कार्तिकी आटोपते, तुरीच्या शेंगा भरू लागतात, कापसाचा दुसरा वेचा घरात येतो आणि चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा या भागांत शेगावच्या पायदळ वारीची बोलणी सुरू होतात. माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकटदिन. चांदुरहून शेगाव सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला. माणसे किती, टेम्पो कोणाचा, स्वयंपाकाला कोण, हे एका-दोन बैठकांत ठरते. घोडे अडते ते एकाच ठिकाणी : रात्री पाठ टेकायची कुठे?

हिवाळ्यातली वारी चालायला सोपी आणि राहायला अवघड. चिखल नाही, पूर नाही, ऊन कोवळे. पण रात्री पारा दहा अंशांकडे उतरला की पहाटेच्या दवात उघड्यावर झोपणे म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. मंगल कार्यालय मागावे तर लग्नसराई. हायस्कूल मागावे तर तिथे बारावीचे परीक्षा केंद्र. उरते ती जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. ती मिळते, पण पाच वाजता मुले घरी गेल्यावर. बाके भिंतीशी सरकवायची, फळ्यावरची गणिते तशीच ठेवायची, सतरंज्या अंथरायच्या. साठ माणसांमागे दोन संडास, म्हणून बाया पहाटे साडेतीनलाच उठतात. प्रार्थनेच्या घंटेआधी खोल्या झाडून चाबी परत करायची. यातले काहीही कोणाच्या हक्काचे नाही. मुख्याध्यापक बदलले, सरपंच बदलला, की पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून विनवणी.

वऱ्हाडच्या वाटेवरचा हा प्रश्न नवा नाही. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी हिंडले आणि त्यांच्यामागे त्यांचे अनुयायी. त्या पंथाने एक विलक्षण काम केले. स्वामी कोणकोणत्या ठिकाणी राहिले, देऊळ कोणते, त्याचे दार कोणत्या दिशेला, हे सारे ‘स्थानपोथी’त लिहून ठेवले. हेतू श्रद्धेचा होता, त्या स्थळांना वंदन करण्याचा. पण आज ती पोथी वाचताना त्या काळची राहण्याची रीतही कळते. देवळे, मठ आणि गावकुसाजवळच्या जागा या प्रवाशाला रात्रीपुरत्या मिळत. अर्थात सर्वांनाच नव्हे. देवळाच्या पायरीपासून ज्याला दूर ठेवले होते, त्याला मुक्कामही पायरीपासून दूरच मिळे.

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून नागपूरला पोहोचली आणि वाटेचे गणितच पालटले. आपल्या चांदुराच्या नावामागे ‘रेल्वे’ लागले ते याच गाडीमुळे. चांदूर बाजार हे दुसरे चांदूर याच अमरावती जिल्ह्यात आहे. यात्रेकरू गाडीत बसू लागला. कापसाच्या पैशाने पेठा वाढल्या, शेठ-सावकारांनी धर्मशाळा बांधल्या, त्या स्टेशनाजवळ आणि तीर्थाच्या गावी. जिथून निघायचे आणि जिथे पोहोचायचे तिथे छप्पर आले. मधल्या टप्प्यांची गावे मात्र मागे पडली, कारण मध्ये उतरणारा कोणी उरला नव्हता. आज माणसे पुन्हा पायी निघाली आहेत. छपरे जिथल्या तिथेच आहेत.

ऐन थंडीत मुक्कामाची सोय आपल्याला जमतच नाही, असेही नाही. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी, कडाक्याच्या गारठ्यात, लोक राहुट्या टाकून राहतात. रोडगे भाजले जातात, हंड्या चढतात, पाहुणेरावळे येतात. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागे, आता मोटारी लागतात. ही यात्रा टिकली, कारण तिथे राहण्याची जागा ठरलेली आहे आणि ती मिळवण्याची रीतही ठरलेली आहे. कोणाच्या मर्जीवर ती टांगलेली नाही.

पण या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार केला तो शेंडगावच्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांनी, म्हणजे आपल्या गाडगेबाबांनी. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडल्यावर हा माणूस वर्षानुवर्षे स्वतःच उघड्यावर झोपला. निवारा नसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. माणसे थंडीत नदीवर उतरतात, चिखलात घसरतात. बाबांनी आधी तिथला घाट हाती घेतला. पुढे पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि आपल्या या वाटेवरच्या मूर्तिजापुरातही. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली, तीही त्यांच्याच प्रेरणेने. दाता कुठे नाव कोरून घेईल, हे त्यांनी पाहिले नाही. रात्री माणूस कुठे कुडकुडतो, ते पाहिले.

पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा ही त्यातली सर्वांत धारदार कृती. विठ्ठलाच्या गावी ज्यांना कोणी ओसरी देत नव्हते, त्यांच्यासाठी ती बांधली गेली. १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखोंच्या इमारती उभारून त्यांनी घरच्यांसाठी त्यातली एक खोली ठेवली नाही. पुढे १९५२ मध्ये कारभारासाठी मिशन स्थापन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच, त्यांचा देह पडला. भुकेल्याला अन्न सांगणाऱ्या त्यांच्या दशसूत्रीत बेघराला आसराही आहे. आपण त्यातल्या अन्नाचे कलम छान उचलले. प्रकटदिनाच्या आधी अकोल्याच्या वाटेवर चहा, पोहे, खिचडी, महाप्रसाद यांचे मंडप इतके असतात की वारकऱ्याला ‘पोट भरले’ म्हणून हात जोडावे लागतात. आसऱ्याचे कलम तसेच राहिले. अन्नदानाचा फलक एका दिवसात लागतो. आसरा वर्षभर सांभाळावा लागतो, झाडावा लागतो, त्याचा संडास धुवावा लागतो. त्यात फोटो निघत नाही.

शेगावला पोहोचल्यावर चिंता नाही. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थानाची भक्तनिवासांची शिस्त महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रश्न आहे तो त्याआधीच्या सहा-सात रात्रींचा, आणि खास करून बडनेरा ते मूर्तिजापूर या चाळीसेक किलोमीटरच्या पट्ट्याचा. एका दिवसात तो चालवत नाही, कुरुम-माना भागात कुठेतरी थांबावेच लागते. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. चांदूर रेल्वे तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर तर पायी चालायलाच मनाई आहे. रस्त्याचे डांबरीकरण जिथे पाच दिवसांत होते, तिथे वीस किलोमीटरवर एक छप्पर अवघड असू नये. आळंदी-देहूच्या पालखी मार्गांना राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला, चालणाऱ्यांसाठी वेगळ्या पट्ट्याचा विचार झाला. वऱ्हाडातल्या अशा वाटांचाही तसाच विचार व्हायला हवा.

दूरदेशीचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. स्पेनमध्ये सांतियागोला जाणाऱ्या पायवाटेवर यात्रेकरूंसाठी निवासगृहे आहेत. हिवाळ्यात त्यांतली बरीचशी बंद होतात आणि चालणारे ‘कोणते उघडे’ याची यादी जवळ बाळगतात. पण १९९३ च्या पवित्र वर्षाच्या निमित्ताने गॅलिसियाच्या प्रादेशिक सरकारने मधल्या टप्प्यांवर स्वतःची निवासगृहे उभी केली. साधी खाटा-पलंगांची खोली, माफक शुल्क, नोंदवही. श्रद्धा लोकांची, छप्पर सरकारचे, अशी वाटणी त्यांनी केली.

काही जण म्हणतील, गावकऱ्यांच्या मायेतच वारीची गोडी आहे. तिला नियमांत बांधू नका. माया राहू द्या. पण मायेवर एकाच गावाने किती वर्षे भार सोसायचा? आणि दिंडी निघून गेल्यावर पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले उचलत शाळेच्या शिपायाने का फिरावे? मुक्काम हक्काचा हवा असेल तर वारकऱ्यानेही माणशी वर्गणी द्यावी, नोंद करावी, जागा झाडून सोडावी. बाबांच्या हातातला खराटा त्यासाठीच होता.

खर्च फार नाही. समाजमंदिरे आहेत, पटसंख्येअभावी रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्या आहेत. हवे आहेत ते बायांसाठी वेगळे आणि पुरेसे संडास, पाण्याची टाकी, दिवा, आणि दारावर चाबी कोणाकडे ते लिहिलेली पाटी. जात, गाव, पंथ विचारायचा नाही. शेगावचा वारकरी असो, गुरुकुंजाचा गुरुदेवभक्त असो, की कार्तिकात कौंडण्यपूरला निघालेली म्हातारी असो.

दिंडीप्रमुखांनी तारखा ठरवण्याआधी मुक्काम ठरवावेत आणि जिल्हा परिषदेकडे एकत्र मागणी करावी. वाटेवरच्या ग्रामपंचायतींनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक ठराव घ्यावा : आमच्या गावात एक खोली हिवाळाभर वाटसरूसाठी उघडी राहील. प्रकटदिनाला तेव्हा चार महिने उरलेले असतात. एक खोली तयार करायला तेवढे पुरे आहेत.