इंटरकॉमला ‘अंतर्ध्वनी’ का म्हणू नये?

नगराचे नाव पालटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने मान्यता दिली आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ कागदोपत्री उतरले. परंतु त्याच नगरातील गृहसंकुलांत, रुग्णालयांत, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलण्याच्या यंत्राला आपण अजून ‘इंटरकॉम’च म्हणतो. फार तर कोणी ‘अंतर्गत दूरध्वनी’ लिहितो. पण शेजारच्या खोलीशी बोलायचे आणि त्यास ‘दूर’ म्हणायचे, हे कानाला खटकते.

मूळ शब्द तरी कसा आहे? ‘इंटरकम्युनिकेशन’ या लांबलचक शब्दाचे शेपूट छाटून तो झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वैमानिकांच्या आपसांतील संभाषणामुळे रूढ झाला. त्यातील ‘इंटर’ लॅटिन, अर्थ ‘दरम्यान’. ‘आत’ या अर्थाचा ‘इंट्रा’ निराळा. म्हणजे वास्तूच्या आत चालणाऱ्या यंत्राला इंग्रजीने ‘दरम्यान’चे नाव दिले. या ‘इंटर’चा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृत ‘अंतर्’. आणि त्यात ‘आत’ व ‘मध्ये’ हे दोन्ही अर्थ नांदतात. ज्या पिढीने टपाल खात्याचे निळे अंतर्देशीय पत्र लिहिले, तिला हे शिकवावे लागणार नाही. तेव्हा ‘अंतर्ध्वनी’ हा शब्द मूळ शब्दाहून अधिक नेमका ठरतो. मनातील आवाजाशी त्याची गल्लत होईल, असा आक्षेप येईल. टपाल कचेरीतून ‘तार’ करणाऱ्याने तिची सतारीच्या तारेशी कधी गल्लत केली नाही.

सावरकरांच्या भाषाशुद्धीची टवाळी पुष्कळ झाली. त्यांचे ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ आज टवाळखोरांचे नातूही लिहितात. त्याही पूर्वी शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. सुरनिसाचा ‘सचिव’ झाला आणि तो आजही मंत्रालयात बसतो. मराठवाड्याला तर हे अधिक उमगावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील कचेरीची भाषा उर्दू होती. स्वतःच्याच भूमीत मराठी माणूस दरबारी कागदापुढे परका होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. पण शब्द कोशात ठेवून भागत नाही. गृहसंकुलाच्या वार्षिक सभेत वाहनतळाचा वाद तासभर चालतो. त्यातली पाच मिनिटे काढून प्रवेशद्वारावरील पाटीवर ‘अंतर्ध्वनी क्रमांक’ लिहिण्याचा ठराव मांडता येईल. रखवालदाराच्या तोंडी तो दोन दिवसांत बसेल. अडचण होईल ती वरच्या मजल्यांवरील, मुलांना इंग्रजी शाळेत धाडणाऱ्या तुम्हां-आम्हांलाच.