आधी टेप, मग पाना!

आमची १९९९ची मारुती ८०० पुढून डावीकडे कलली. मेकॅनिकने एक नजर टाकली, "काका, शॉकअप गेले." दोन्ही बदलले. पैसे गेले, गाडी लंगडी ती लंगडीच!

मंडळी, मोजल्याशिवाय निदान कसले? शॉकअप फक्त उसळी आवरतो. वजन पेलते ती स्प्रिंग. शेवटी मीच गाडी सपाट फरशीवर घेतली, हवा सारखी भरली, पुढून दाबून सोडली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजले. डावीकडे २ सेंटिमीटर कमी. मागून बॉडी मधोमध जॅकवर उचलली, तरी फरक तेवढाच. म्हणजे दोष पुढेच. बॅटरी मारून पाहिले, तर स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटलेला!

शॉकअप बदलताना हीच स्प्रिंग काढून पुन्हा बसवावी लागते. म्हणजे ती त्याच्या हातात होती, पण बघायचे कोणी? वर म्हणतो, "रबर बसवून देतो." नको! मी स्प्रिंगांची जोडीच बदलून घेतली.

आयुष्यभर मास्तरकी केली, पण वही न उघडता मार्क कधी दिले नाहीत. यांनी मात्र बिलसुद्धा दिले!

असो. गाडी कलली, तर आधी टेप काढा.